अडीच विसा

आमच्या खळ्यावर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, मोजली जात असे, तेव्हा पहिल्या पायलीला कोणी ‘एक’ म्हणत नसे. मापाडी पायली राशीत खुपसून भरायचा, वरच्या दाण्यांवरून तळहात फिरवायचा आणि ती पोत्यात रिकामी करताना खणखणीत आवाजात म्हणायचा, ‘लाभ’. दुसऱ्या पायलीपासून मात्र दोन, तीन, चार अशी सरळ मोजणी सुरू व्हायची. सहा-सात वर्षांचा असताना मी मापाड्याला मध्येच थांबवून ‘एक कुठे गेला?’ असे विचारले होते, आणि रास मोजताना बोलायचे नसते म्हणून वडिलांनी मला खळ्याबाहेर पाठवले होते. वर्षभराच्या कष्टांचे पहिले माप घरात येत असताना शेतकऱ्याला ‘एक’ हा शब्द तोकडा वाटतो, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. लग्नात आहेराचे पाकीट शंभराचे न देता एकशे एकाचे देतात, त्यामागेही असाच भाव आहे. शून्यावर थांबलेली रक्कम संबंध तिथेच मिटवते, एकाने वाढवलेली रक्कम तो पुढे चालू ठेवते, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी मानतात.

पारोळा तालुक्यातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये गेली सव्वीस वर्षे मी हिशेब लिहितो. दिवसभर आकड्यांच्या संगतीत राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी तरी त्यांचा कंटाळा यावा, असे घरचे म्हणतात. पण वेगवेगळ्या लोकांनी संख्यांना नावे कशी दिली आणि त्या कशा लिहिल्या, हा विषय त्या खळ्यापासून माझ्या मनात घर करून आहे.

त्याचे दुसरे टोक आमच्या धाब्याच्या घराच्या छतावर आहे. वैशाखात आजी तिथे खाटांवर धोतरे अंथरून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालायची. वाळलेल्या बिबड्या डब्यात रचताना ती त्या मोजायची, आणि वीस झाल्या की बाजूला तुरीचा एक दाणा ठेवायची. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि पन्नास, साठ, ऐंशी हे शब्द ती बाजारापुरतेच वापरायची. खालून काकू ओरडून विचारायची, ‘कितल्या व्हयन्यात?’ आजी दाण्यांकडे एक नजर टाकून सांगायची, ‘अडीच इसा’. म्हणजे दोन दाणे बाजूला पडलेले आहेत आणि तिसरी वीस अर्ध्यावर आली आहे. बिबड्या पन्नास झाल्या. शाळेत जाणाऱ्या आम्हा मुलांना हे मागासलेपणाचे वाटायचे आणि आम्ही तिला ‘पन्नास म्हण’ असे सांगत राहायचो. आज त्याची खंत वाटते, कारण ती ज्या रीतीने मोजत होती ती रीत जगाच्या फार मोठ्या भागाची आहे.

हे मला कळले ते भाच्यामुळे. तो शिकण्यासाठी डेन्मार्कला गेला आणि पहिल्याच महिन्यात त्याने फोनवर सांगितले, ‘मामा, इथे पन्नासला जे म्हणतात ते काही केल्या समजत नाही.’ डॅनिश भाषेत पन्नासला ‘हाल्व्हट्रेस’ म्हणतात. त्या शब्दाचे जुने पूर्ण रूप उलगडले तर त्याचा अर्थ ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’ असा निघतो. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. अडीच गुणिले वीस, म्हणजे पन्नास. आजीचे ‘अडीच इसा’ आणि कोपनहेगनच्या दुकानदाराचे ‘हाल्व्हट्रेस’ यांत नुसते साम्य नाही, त्यांची घडण अक्षरश: एकच आहे, कारण आपला ‘अडीच’ हा शब्दसुद्धा संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून, म्हणजे ‘अर्धा तिसरा’ या कल्पनेतूनच आलेला आहे. ‘दीड’च्या मुळाशी ‘द्व्यर्ध’ आहे, म्हणजे ज्यातला दुसरा अर्धा आहे तो. साडेतीनला आपल्याकडे ‘औट’ असा जुना शब्द आहे; औटकीचे पाढे ज्यांनी म्हटले आहेत त्यांना तो आठवेल. तो ‘अर्धचतुर्थ’ या शब्दाचे झिजलेले रूप आहे. डॅनिश माणसाचे सत्तर म्हणजे अर्धा-चौथा गुणिले वीस, अर्थात ‘औट विसा’. जर्मन माणूस अडीच वाजले असताना ‘हाल्ब द्राय’ म्हणतो, तोही तिसऱ्या तासाचा अर्धा भागच सांगत असतो. भाच्याला मी हे सर्व समजावून सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की आजीला इथे आणले असते तर तिला दुकानात काही अडचण आली नसती.

हातापायांची बोटे वीस, म्हणून विसाचा गठ्ठा हा माणसाला सहज सुचणारा गठ्ठा आहे. फ्रेंच भाषेत ऐंशीला ‘चार विसा’ आणि नव्व्याण्णवला ‘चार विसा दहा नऊ’ म्हणतात. स्वित्झर्लंडच्या आणि बेल्जियमच्या फ्रेंच भाषिकांनी मात्र नव्वदीसाठी ‘नोनांत’ हा सुटसुटीत शब्द ठेवला आहे. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी विसाच्या पायावर पूर्ण लेखनपद्धती उभी केली होती, ज्यात एक म्हणजे ठिपका, पाच म्हणजे आडवी रेघ आणि शून्य म्हणजे शिंपल्यासारखी आकृती असे. आपल्याकडे तर कोष्टकांत वीस भरून राहिला आहे. वीस मणांची खंडी, आणि जमिनीच्या मापात वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा. धुळ्याकडचे ठेलारी मेंढ्या खंडीने मोजतात, म्हणजे विसांनी. गंमत अशी की आमच्या कापसाच्या धंद्यात रुईचा भाव आजही खंडीनेच बोलला जातो, मात्र ही खंडी ३५६ किलोची; विसाशी तिचा आता काही संबंध उरलेला नाही, फक्त नाव टिकले आहे.

आता मराठी संख्यानामांकडे यावे, कारण माझे खरे प्रेम त्यांच्यावर आहे. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या नऊ शब्दांत ‘दोन’ हा शब्द एकदाही येत नाही. त्या सर्वांत ‘द्वा’ आणि ‘द्वि’ यांची झिजून उरलेली रूपे आहेत, कधी बा, कधी ब, कधी बे, कधी ब्या. ‘दोन’ म्हणणारे आपण पाढा म्हणताना मात्र ‘बे एके बे’ म्हणतो, आणि नंदुरबारच्या पलीकडे गेले की गुजराती माणूस रोजच्या व्यवहारातही दोनला ‘बे’च म्हणतो. पाढ्यात जपून ठेवलेला आपला शब्द शेजाऱ्याच्या तोंडी रोज वापरात आहे, याचे मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आले आहे.

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही ‘एक उणे’ सांगणारी नावेही काही आपलीच खासियत नव्हेत. लॅटिनमध्ये एकोणीस म्हणजे ‘विसातून एक’ आणि अठरा म्हणजे ‘विसातून दोन’ असे म्हणत. नायजेरियातल्या योरुबा भाषेत तर पंधरापासूनच वजाबाकी सुरू होते. सोळा म्हणजे ‘विसाला चार कमी’. पुढचा टप्पा जवळ आला की मागे वळून न मोजता पुढे पाहून मोजायचे, ही रीत मला फार माणसासारखी वाटते. गावाला पोचायला दहा मिनिटे उरली की आपणही निघून किती वेळ झाला ते सांगत नाही.

मराठी या बाबतीत हिंदी-गुजरातीपेक्षा अधिक सुसंगत आहे. एकोणऐंशीपर्यंत तिन्ही भाषा ‘एक उणे’ म्हणतात. पुढे मात्र हिंदी ‘नवासी’ म्हणते, गुजराती ‘नेव्यासी’ म्हणते, म्हणजे दोघी ऐंशीवर नऊ मिळवतात. मराठी मात्र ‘एकोणनव्वद’ म्हणून आपली रीत राखते. नव्व्याण्णवला मात्र तिन्ही भाषा सारख्याच वळतात, ‘एकोणशंभर’ कोणी म्हणत नाही. हा भेद मला पुस्तकातून कळलेला नाही. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरतेच्या एका व्यापाऱ्याने फोनवर ‘नेव्यासी गांसडी’ सांगितल्या. मराठीत त्या उच्चाराच्या जवळ जाणारा एकच शब्द आहे, आणि माझ्या हाताने तो लिहिला : ९९. बिल दहा गाठींनी वाढून गेले आणि ते निस्तरायला चार दिवस लागले. एक गाठ १७० किलोची असते, म्हणजे सतराशे किलो रुई केवळ एका शब्दाच्या ऐकण्यातून कागदावर निर्माण झाली होती. त्या दिवसापासून गुजरातेतून आलेला आकडा मी ‘आठ-नऊ’ असा सुटा सुटा वदवून घेतो.

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो वाद झाला, तो मी फार मनापासून वाचला. ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन त्या पुस्तकात दिले होते. लिहिताना आधी दहाच्या घरातला अंक येतो, बोलताना आधी एककाचा येतो, शिवाय जोडाक्षरे. त्यामुळे लहान मुले अडखळतात आणि गणिताला घाबरू लागतात, असे गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रभर टीका झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. मीही तेव्हा रागावलो होतो. पण माझी धाकटी मुलगी त्याच वयाची होती आणि ‘त्रेसष्ट’ म्हटले की हमखास ३६ लिहायची, हे मी रोज घरात पाहत होतो. तिला ‘साठ तीन’ म्हटले की ती एका क्षणात ६३ लिहायची. तेव्हा माझे मत असे झाले की ते वाचन पायरी म्हणून उपयोगाचे आहे, पायरीवरून वर चढल्यावर मात्र ‘त्रेसष्ट’ आलेच पाहिजे. मुलीला आज दोन्ही येतात. (३६ वरून आठवले : पटत नसलेल्या दोघांत ‘छत्तीसचा आकडा’ आहे असे आपण म्हणतो, ते ३ आणि ६ या नागरी अंकांच्या पाठी एकमेकींकडे असतात म्हणून. रोमन अंक लिहिणाऱ्याला ही उपमा कधीच सुचली नसती.)

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. अरबी, जर्मन आणि डच या भाषांत आजही ‘एक आणि वीस’ असेच म्हणतात, आणि जुन्या इंग्रजीतही ‘चार आणि वीस’ अशी रीत होती. नॉर्वेने तर सरकारी निर्णय घेऊन १ जुलै १९५१ पासून ‘एक आणि वीस’ ऐवजी ‘वीस एक’ ही पद्धत अधिकृत केली. टेलिफोनचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. सत्तर वर्षे उलटली, तरी तिथल्या घरांत जुनी रीत अजून ऐकू येते. चिनी भाषेत ही अडचण उद्भवतच नाही, कारण तिथे एकवीस म्हणजे ‘दोन दहा एक’, जसे लिहायचे तसेच बोलायचे. दहापर्यंत शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे आले. आपल्या मुलांना शंभर शब्द जवळजवळ वेगवेगळे पाठ करावे लागतात. हे ओझे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

एककापासून सुरुवात करण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे पाहायला मला खानदेशाबाहेर जावे लागले नाही. चाळीसगावजवळ गौताळ्याच्या डोंगरांत पाटणादेवीचे देऊळ आहे. त्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या राजांनी त्याला दाने दिली. ही सर्व हकिकत तिथल्या शिलालेखात आहे, आणि भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा काळ दिला आहे. शकात ७८ मिळवले की १२०६ येते, पण प्रभव संवत्सर आणि ग्रहण १२०७ साली येतात.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण देणग्यांचा तपशील आला की भाषा मराठी होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे उत्पन्न मठाला, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल मठाला, आणि इथे जे मोजायचे ते मठाच्याच मापाने मोजावे. हे वाचले तेव्हा मला आमच्या खळ्यावरची पायली डोळ्यांसमोर दिसली. श्लोक राजांसाठी आणि पंडितांसाठी होते. माप आणि पळी घाणेवाल्या तेल्याला कळायला हवी होती, म्हणून तिथे त्याची भाषा आली.

भास्कराचार्यांनी स्वत:चे जन्मवर्ष ‘सिद्धांतशिरोमणी’त सांगितले आहे ते ‘रसगुणपूर्णमही’ या शब्दांत. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, आणि मही म्हणजे पृथ्वी एक. ओळीने लिहिले तर ६३०१ होईल; पण अंकांची गती डावीकडे, असा नियम असल्यामुळे ते उलटे मांडायचे आणि शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४, हे वर्ष मिळते. पुढच्याच शब्दांत ‘रसगुण’ वर्षांचा असताना मी हा ग्रंथ रचला असे ते सांगतात, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी. वेद चार, बाण पाच, ऋषी सात, वसू आठ, आकाश शून्य, असा शब्दांचा मोठा साठा ज्योतिष्यांकडे असे आणि वृत्तात बसेल तो शब्द ते निवडत. अंक लिहिला तर नकलणाऱ्याच्या हातून एक रेघ चुकते आणि संख्या बिघडते. पण श्लोकातला शब्द बदलला की वृत्त मोडते आणि चूक लगेच कानाला कळते. हिशेबनीस म्हणून मला या योजनेचा फार आदर वाटतो. मी आणि मुलगी पाटणला गेलो होतो तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर बसून तिने आपले जन्मवर्ष असे मांडायचा प्रयत्न केला. २०१२ : नेत्र, मही, पूर्ण, नेत्र. ‘नेत्र दोनदा आले, चालेल का?’ असे तिने विचारले. चालते, असे मी सांगितले.

‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत आणि पूर्वजांनी ही नावे ‘व्यवहारार्थ’ केली, असे म्हटले आहे. हा शब्द मला फार आवडतो. याच ‘लीलावती’चा फारसी अनुवाद अकबराच्या आज्ञेवरून फैजी याने १५८७ साली केला, आणि चारच वर्षांनी, १५९१ साली, अकबराने त्याला वकील, म्हणजे राजदूत, म्हणून पाठवले ते खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे, राजा अली खानाकडे. चांगदेवाच्या मठाची त्याला काही कल्पना होती की काय, असा विचार बुऱ्हाणपूरला गेलो की माझ्या मनात येतो.

पाटणच्या लेखाच्या पाचच वर्षे आधी, १२०२ साली, इटलीतल्या पिसा शहरातल्या लिओनार्दोने आपल्या ग्रंथात युरोपला भारतीयांची नऊ चिन्हे आणि त्यांच्याबरोबरचे दहावे चिन्ह समजावून सांगितले. त्या दहाव्या चिन्हाला अरब लोक ‘सिफ्र’ म्हणत. ‘सिफ्र’ म्हणजे रिकामे, अर्थात आपल्या ‘शून्य’ शब्दाचे भाषांतर. लिओनार्दोने त्याचे ‘झेफिरम’ केले, पुढे त्याचे ‘झिरो’ झाले, आणि आमच्या शाळेत तोच शब्द मुलांच्या गुणांसाठी परत आला. युरोपने हे अंक आनंदाने स्वीकारले असे मात्र झाले नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबात हे अंक वापरण्यास बंदी घातली, कारण शून्याला एक शेपूट जोडले की सहा किंवा नऊ होतो. सराफांचे ते भय वावगे नव्हते, म्हणूनच आजही धनादेशावर आकडा लिहून आपल्याला विश्वास वाटत नाही आणि खाली ‘अक्षरी रुपये’ लिहावे लागते. चिनी लोकांत एक, दोन, तीन ही चिन्हे म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा; त्यात भर घालणे फारच सोपे, म्हणून पैशाच्या कागदांसाठी त्यांनी भरपूर फटकाऱ्यांची, गिचमिड वाटावी अशी निराळी चिन्हे केली आहेत.

मोठ्या संख्यांविषयी थोडक्यात सांगतो. आपण हजारानंतर दोन-दोन स्थानांनी वर चढतो, म्हणून लाख, कोटी, अब्ज; इंग्रज तीन-तीन स्थानांनी चढतात, चिनी आणि जपानी चार-चार स्थानांनी. चिनी माणसाचा मोठा शब्द ‘वान’ म्हणजे दहा हजार, आणि त्यानंतरचा ‘यी’ म्हणजे दहा कोटी. भारताची सुमारे १४० कोटी लोकसंख्या तो ‘चौदा यी’ अशी सांगेल. कापसाच्या धंद्यात याचा त्रास रोज होतो, कारण परदेशी बातमीत गाठी मिलियनने येतात आणि त्या गाठी असतात २१८ किलोच्या. आपल्या बातमीत लाखाने येतात आणि असतात १७० किलोच्या. नुसते शून्य हलवून भागत नाही.

शेवटी आमच्या घरातल्या एका कागदाबद्दल सांगतो, कारण वर जे लिहिले त्यातले बरेच त्या एका पानावर आहे. वडिलांच्या लाकडी पेटीत मोडीतला एक कागद होता. तो वाचता यावा एवढ्यासाठी चाळिशी उलटल्यावर मी मोडी शिकलो. गावच्या पाटीलकीच्या हक्काबद्दलची ती एक साधी नोंद आहे. वर काळ तीन प्रकारांनी दिला आहे. शके १६९४ हे अंकांत. नंदन हे संवत्सराचे नाव, जे साठ वर्षांच्या चक्रातले सव्विसावे आहे. आणि नंतर ‘सन सलास सबैन मया व अलफ’. ही चक्क अरबी संख्यानामे आहेत, मराठी कारकुनाच्या तोंडात बसलेली : सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एककापासून सुरुवात करून वर चढत जायचे, थेट आपल्या ‘त्र्याहत्तर’सारखे, बेरीज ११७३. या शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू व्हायचे, म्हणजे पेरणीच्या तोंडाशी, आणि त्यात ५९९ मिळवले की जूनपासून पुढच्या महिन्यांचे इसवी सन येते. ११७३ आणि ५९९ मिळून १७७२. थोरले माधवराव पेशवे गेले ते हे साल. राजा मराठी, कागद मोडीत, शक शालिवाहनाचा, वर्ष शेतकऱ्याच्या मृगाचे आणि संख्या अरबी. लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटले नसावे, कारण ते सगळे त्याच्या रोजच्या कामाचे होते.

खाली रक्कम आहे. सतराचा आकडा आणि त्याच्यापुढे तीन उभ्या रेघा : १७॥।. मुलीने त्या रेघा पाहून विचारले की हे श्लोकाच्या शेवटचे दंड इथे कशाला. तिला मी सांगितले की एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे सोळा आणे होते तोवर, म्हणजे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत, सगळे सावकार आणि दुकानदार असेच लिहीत. ती हिशेब करून म्हणाली, ‘म्हणजे सतरा पूर्णांक पंचाहत्तर शतांश.’ मी म्हणालो, ‘सतरा रुपये बारा आणे.’ माझी आई शेजारी वाती वळत बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, कागद तिने हातातही घेतला नव्हता.

‘पावणेअठरा,’ ती म्हणाली, आणि पुढची वात वळू लागली.